दरीपल्याडचा दिवा

मायतेची बॅग उचलताना डेल्मर प्रुइटच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मेळावा तीन दिवसांचा, आणि बॅग मात्र नुकत्याच जन्मलेल्या वासराइतकी जड. तीन दिवसांसाठी कुणी एवढे कपडे नेत नाही. मायते तर नाहीच नाही. तिच्याकडे एक काळा कोट होता आणि तो तिच्या अंगावरच होता.

"यात काय दगड भरलेत का?" त्यानं बॅग पिकअपच्या मागच्या हौद्यात, गवताच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवली. घसरड्या रस्त्यावर मागच्या चाकांवर वजन पडावं म्हणून तो हिवाळाभर तिथं एक गठ्ठा टाकून ठेवत असे.

"मेळाव्यानंतर मी नेरेयाबरोबर बॉइसीला जाणारेय," मायते म्हणाली. "मेंढ्यांना तिनं गिऱ्हाईक बघून ठेवलंय. एल्कोला येणारेय तो. पटलं तर देऊन टाकीन म्हणते."

एवढं बोलून ती दाराला कुलूप लावायला गेली. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. तिच्या पाठीमागे स्वयंपाकघरातला दिवा जळत होता. दिवा राहिलाय, असं डेल्मरच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तो बोलला नाही. तो दिवा विझलेला पाहायची त्याला मुळीच घाई नव्हती.

आता या दिव्याचं सांगितलं पाहिजे. डेल्मरचं आणि मायतेचं रान एकमेकांना लागून, मधे एक दरी आणि दरीत तारेचं कुंपण. डेल्मर गाईवाला, सडाफटिंग, साठी उलटलेला. मायते स्पेनच्या डोंगरातून आलेल्या बास्क घराण्यातली, मेंढ्यावाली. नवरा मार्तिन जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नेरेया शहरात. हिवाळ्यात डेल्मर पहाटेच्या काळोखात ट्रॅक्टर घेऊन गाईंना गवत टाकायला निघे, आणि थोड्याच वेळात दरीपल्याड मायतेच्या स्वयंपाकघरात दिवा लागे. तो लागला की डेल्मरला थंडी जरा कमी वाटायची. ती उठली, आता चुलीशी असेल, पीठ मळत असेल, असं मनाशी म्हणत तो एकेक गठ्ठा सोडायचा. हे इतकी वर्षं चाललं होतं आणि यातलं अवाक्षर त्यानं कधी मायतेला सांगितलं नव्हतं.

सांगणार कसं? अमेरिकेच्या त्या मुलुखातल्या गाईवाल्यांची जातच अशी. समोरासमोर टेबलाशी बसवलं तर तोंडातून हवापाण्यापलीकडे शब्द निघायचा नाही. पण तेच यमकात बांधून, डोक्यावर हॅट घालून, तीनशे अनोळखी माणसांपुढे उभं केलं की आईचं मरण, घोड्याचं मरण, फसलेलं प्रेम, सगळं भडाभडा बाहेर. त्यासाठीच तर भर जानेवारीत, जनावरांचं काम जरा हलकं असतं तेव्हा, एल्को गावात काउबॉयांच्या कवितांचा मेळावा भरायचा. डेल्मर दरवर्षी जाऊन एखादी घोड्यावरची नाहीतर वळूवरची कविता म्हणून यायचा. यंदा मात्र त्यानं दिव्यावरची कविता केली होती. कागदावर नव्हे, ट्रॅक्टरवर बसून, तोंडातल्या तोंडात. ती तो स्टेजवरून म्हणणार होता आणि पहिल्या रांगेत मायते असणार होती. म्हणून तर तिची गाडी नादुरुस्त आहे म्हटल्यावर "मी नेतो" असं तो तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच म्हणाला होता.

आणि आता कळत होतं, की आपण तिला मेळाव्याला नेत नसून कायमचं पोचवायला निघालो आहोत. वर पेट्रोलही आपलंच.

दोघांची जनावरं तीन दिवस डेल्मरचा पुतण्या बघणार होता. गाडी निघाली. डेल्मर चाकाशी, मायते खिडकीशी आणि मधे बिस्किट. बिस्किट हा डेल्मरचा कुत्रा. पिकअपमध्ये मधली जागा शहाण्याची, असं तिकडचे लोक म्हणतात. कारण मधल्याला गाडी हाकावी लागत नाही आणि गेट उघडायला खाली उतरावंही लागत नाही. बिस्किट जन्मापासून तिथं बसत आला होता. त्या दोघांच्या मधे बसल्यानं कुणाचं काय नुकसान होतंय, याचा त्या मुक्या जिवाला पत्ता नव्हता.

"तुझा कुत्रा माझ्याकडे असा का बघतो?" मायतेनं विचारलं.

"तुझ्या कोटाला मेंढ्यांचा वास येतो."

"आणि तुला कसला येतो, गुलाबाचा? पाच गाईंनी खाल्लेलं गवत माझ्या पंचवीस मेंढ्यांना पुरतं. जनावर पाळावं तर डोकं वापरून."

"मेंढीकडे डोकं असतं हे आजच कळलं."

असं बरं चाललं होतं. पन्नास वर्षं हेच भांडण चालू होतं. पूर्वी त्यांच्या आजोबांनी ते बंदुका घेऊन केलं होतं, आता नुसतं तोंडानं. पण आज डेल्मरचं लक्ष भांडणात नव्हतं. स्टेजवर म्हणायची ती कविता राहू दे बाजूला, साधं एक वाक्य म्हणावं: मायते, बॉइसीला जाऊ नकोस. एवढंच. त्याला यमक नाही की काही नाही. खिंडीचा चढ लागेपर्यंत त्यानं ते वाक्य मनातल्या मनात कितीदा तरी घोळवलं. बर्फ वाढला होता. वारा आडवा वाहत होता आणि काच पुसणारे दांडे कण्हत होते. त्यानं घसा खाकरला.

"मायते."

"काय?"

आणि समोर गेट आलं.

त्या मुलुखात गेट दिसलं की काय करायचं, हे मुलाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. हाकणारा थांबतो. खिडकीशी बसलेला काही न बोलता उतरतो, गेट उघडतो, गाडी आत येऊ देतो, गेट लावतो, साखळी होती तशी अडकवतो आणि येऊन बसतो. गेट जसं सापडलं तसं ठेवायचं. खून केलेला माणूस एक वेळ तुरुंगातून सुटून गावात परत नांदेल, पण कुणाचं गेट उघडं टाकून गेलेल्याच्या नातवालाही लोक ओळखतात.

डेल्मरनं गाडी थांबवली. मायते उतरली. गेट लांबलचक, लोखंडी, त्यावरची पाटी बर्फानं लिंपलेली. साखळी होती, पण कुलूप नव्हतं. तिनं ते ढकललं, गाडी आत आली, तिनं गेट लावलं, साखळी नीट अडकवली, हलवून खात्री केली आणि हातमोजे झाडत येऊन बसली.

"काय म्हणत होतास?"

डेल्मरच्या मनातलं ते एक वाक्य तेवढ्यात पळून गेलं होतं. "काही नाही," तो म्हणाला. "बर्फ वाढला म्हणत होतो."

पुढे बराच वेळ एकही गाडी दिसली नाही. रस्त्यावरच्या रेषा दिसेनाशा झाल्या, मग रस्ताही दिसेनासा झाला. डेल्मर कडेच्या खांबांवरून अंदाज घेत चालवत होता.

"आज गर्दी कशी नाही?" मायते म्हणाली. "मेळाव्याला तर सगळे याच वाटेनं जातात."

"हं," डेल्मर म्हणाला. मग त्यानं गाडी अगदी हळू केली. "मायते, मघाचं ते गेट कुणाचं होतं?"

"कुणाचं म्हणजे?"

"म्हणजे कुणाच्या रानाचं? दोन्हीकडे कुंपण दिसलं का तुला?"

मायतेनं मागच्या खिडकीतून वळून बघितलं. बिस्किटनंही एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"सरकारचं," ती शेवटी म्हणाली. "खिंड बंद करतात तेव्हा लावतात ते."

"म्हणजे खिंड बंद आहे."

"आणि आपण आत आहोत."

"तू लावून घेतलंस ना नीट?"

"म्हणजे काय? साखळीसकट." हे सांगताना तिची मान ताठ झाली आणि मग हळूहळू खाली आली. गेट उघडं राहिलं असतं, तर येणाऱ्याजाणाऱ्याला संशय तरी आला असता. पण ते इतकं बिनचूक लावलं होतं, की आत कुणी गेलं असेल असं सरकारच्या स्वप्नातही येणार नव्हतं.

डेल्मरनं गाडी वळवायचं ठरवलं. ते ठरवणं बरोबर होतं, जागा तेवढी चुकली. मागचं चाक जिथं गेलं तिथं रस्ता नव्हता, बर्फानं भरलेला चर होता. पिकअप आरामात, एखादी गाय बसावी तशी मागून खाली बसली आणि पुन्हा काही उठली नाही. डेल्मरनं फावड्यानं चाक मोकळं केलं. वाऱ्यानं ते परत भरलं. त्यानं पुन्हा केलं, वाऱ्यानंही पुन्हा केलं. वाऱ्याला दुसरं काही काम नव्हतं. फोन उघडून बघितले तर दोन्ही फोनांचा त्या डोंगरात गोठलेल्या साबणवडीइतकाच उपयोग.

"बस आता," मायते म्हणाली. "इंजिन थोडं चालू, थोडं बंद ठेव. माझ्याकडे खायला आहे." तिनं पिशवीतून पाव, मेंढीच्या दुधाचं चीज आणि लाल मिरचीचे सॉसेज काढले. नेरेयासाठी नेत होती. तिघांनी खाल्लं. मेंढीचं चीज आयुष्यात तोंडात घालणार नाही अशी डेल्मरची शपथ होती. त्यानं तीनदा मागून घेतलं.

"तुझी पाळी आज दुपारची होती ना रे?" तिनं विचारलं. "स्टेजवरची."

"होती."

"यंदा कशावर?"

"गाईंवर."

"म्हण."

"इथं?"

"मग कुठं? मला आता ती ऐकायला मिळायची नाही."

हे तिनं साधंच म्हटलं. खरंच होतं ते. पुढल्या जानेवारीत ती बॉइसीला असेल, यंत्रानं गरम ठेवलेल्या घरात, आणि दरीपल्याडची खिडकी काळी असेल. तिची त्याला आत्तापासूनच आठवण यायला लागली होती, आणि ती तर अजून कुत्र्याइतक्या अंतरावर बसलेली होती.

"बसून नाही येत मला," तो म्हणाला. "समोर लोक लागतात."

"मी आहे की."

"तू लोक नव्हेस."

मायतेनं त्याच्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. "मग जा मागं," ती म्हणाली. "गठ्ठ्यावर उभा राहा आणि रस्त्याकडे तोंड कर. मी मागची खिडकी सरकवते."

शहाण्या माणसानं हे केलं नसतं, पण गाडीतली शहाण्याची जागा कुत्र्यानं अडवली होती. डेल्मर उतरला, हौद्यात चढला, गवताच्या गठ्ठ्यावर उभा राहिला. हॅट दोन्ही हातांनी दाबून धरली आणि मायतेकडे पाठ करून, रिकाम्या पांढऱ्या रस्त्याला उद्देशून त्यानं सुरुवात केली:

"दरीपल्याड खिडकीमध्ये पहाटे लागे दिवा,
इकडे माझ्या मिशीत साठे बर्फ रोजचा नवा.
ती तिकडे पीठ मळते, मी इकडे गवत टाकी,
बोलायाचे सारे काही कुंपणापाशी बाकी."

आत बिस्किटनं गळा काढला. "गप रे," मायतेचा आवाज आला. डेल्मरनं पुढची कडवी म्हटली. गाईंचं आलं, थंडीचं आलं, मार्तिनचंही आलं, कारण मार्तिन भला माणूस होता आणि त्याला वगळून दिव्याकडे बघणं डेल्मरला चोरीसारखं वाटलं असतं. म्हणता म्हणता त्याला वारा लागेनासा झाला. आता शेवटचं कडवं. त्यानं हात वर केले. आणि समोरच्या पांढऱ्या धुक्यातून नारिंगी दिवे लुकलुकत आले. क्षणभर त्याला वाटलं, स्टेजवरचेच आहेत.

बर्फ हटवणारा ट्रक होता. मोठा फाळ वर उचलून तो थांबला आणि एक दाढीवाला गडी खाली उतरला. नाव गॅरेट.

"काका, मदतीला हात करताय की आणखी काही चाललंय?"

"आणखी काही," डेल्मर म्हणाला.

"आत आलात कसे? गेट लागलेलं होतं. मी आत्ता तिथूनच आलो."

"उघडून आलो."

"आणि मग?"

"मग लावलं," डेल्मर आणि मायते एकदमच म्हणाले. दोघांच्याही आवाजात राग होता.

"साखळीसुद्धा?"

"अडकवली," मायते खिडकीतून म्हणाली. "मेंढ्या पाळत असलो म्हणून काय रानटी समजलास?"

गॅरेटनं तोंडावरून हात फिरवला. त्याला खरं तर चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण तोही गुरांच्या रँचवरच वाढलेला. गेट लावून घेणाऱ्याला काय म्हणून बोलायचं, हे त्याला सुचेना. "कविता होती का?" त्यानं विचारलं. "मेळाव्याला निघाला होता? माझी ड्यूटी नेमकी दरवर्षी याच आठवड्यात लागते. माझ्याही चार आहेत पाठ. पण ऐकणार कोण, फाळ?" मग जरा थांबून म्हणाला, "शेवटचं कडवं राहिलं ना? म्हणून टाका. मग गाडीला साखळी लावून ओढतो."

अनोळखी माणूस समोर आला आणि डेल्मरची जीभ मोकळी झाली. गॅरेटच्या दाढीकडे बघत, पाठीमागे उघड्या खिडकीत मायते आहे हे पाठीला पक्कं ठाऊक असताना, त्यानं म्हटलं:

"दिवा विझेल ज्या दिवशी, त्या दिवशी काय करू?
गाई जगतील गवतावर, मी कशावर तग धरू?"

गॅरेटनं टोपी काढली आणि थंडी लागली म्हणून लगेच परत घातली. डेल्मर कान टवकारून उभा होता. अखेर मागून मायतेचा आवाज आला.

"बर्फ आत येतोय. खिडकी लावते."

आणि खिडकी सरकल्याचा आवाज आला. डेल्मर गठ्ठ्यावरून उतरला. तिथून उतरायला त्याला चढण्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला.

गॅरेटनं पिकअप ओढून काढली आणि एल्कोच्या बाजूला पोचेपर्यंत पुढे राहून वाट करून दिली. पलीकडचं गेट आलं तेव्हा मायतेच उतरली. तिनं ते उघडलं, दोन्ही गाड्या जाऊ दिल्या आणि लावलं. उरलेल्या वाटेत ती फक्त बिस्किटशी बोलली. डेल्मरची स्टेजवरची पाळी केव्हाच होऊन गेली होती. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा कुठं आहे तो, असं लोकांनी विचारलं म्हणे, आणि पुढचा माणूस खेचरावरची कविता म्हणून गेला.

नेरेया हॉटेलच्या दारातच उभी होती. रडली, रागावली, आता इथं एक दिवसही थांबायचं नाही म्हणत आईची बॅग तिनं आपल्या गाडीत टाकली. डेल्मर हॅट हातात घेऊन उभा राहिला. ते वाक्य त्याला आता नीट आठवत होतं, पण आता त्याचा काय उपयोग, असं त्याला वाटलं.

"गिऱ्हाईकाला सांग," मायते मुलीला म्हणाली, "सध्या मेंढ्या द्यायच्या नाहीत."

"आई, अगं, मग बघणार कोण त्या?"

मायतेनं पिशवीतून किल्ली काढून डेल्मरपुढे धरली. "वसंतापर्यंत बघशील?"

"बघेन," डेल्मर म्हणाला. आपण मेंढ्यांना हो म्हटलं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांची गाडी वळणापलीकडे गेली होती.

पुढचा महिना त्याची जी शोभा झाली ती विचारू नका. तीन पिढ्यांचा गाईवाला रोज सकाळी मेंढ्यांच्या कळपात. गाय कशी, आपलं गवत आलं की खाते. मेंढी आधी पळते, मग दुसरी पळते म्हणून पुन्हा पळते, मग मालकाच्या बुटावर उभी राहून खाते. गावच्या खानावळीत तो शिरला की लोक नाकाला रुमाल लावत.

"डेल्मर, लोकर कधी कातरायची? त्यांची झाली की तुझी?"

"तुझा आजा थडग्यात कुशी बदलतोय रे."

"त्याला म्हणावं झोप," डेल्मर म्हणे आणि कॉफी पिई. पण कुणी मेंढीला बेअक्कल म्हणालं की आताशा त्याला राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःचाही राग यायचा.

नळ गोठलेत का बघायला तो पहिल्यांदा मायतेच्या घरात गेला, तेव्हा दिवा तसाच जळत होता. पिठाच्या डब्यावर धूळ बसलेली. टांगलेला फडका वाळून कडक झालेला. त्यानं बटणावर बोट ठेवलं. उगाच कशाला जळायचं? मग त्यानं बोट काढून घेतलं, दार लावलं, कडी हलवून बघितली आणि परत आला. त्यामुळे पहाटे ट्रॅक्टरवर बसताना दरीपल्याड उजेड असायचाच. पण आता तो लागत नव्हता, नुसता होता. त्या लागण्यातच सगळं होतं, हे त्याला त्या महिन्यात कळलं.

एका रविवारी फोन आला.

"मेंढ्या कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. एक लंगडते. बघतोय मी."

"आणि तू?"

"मी नाही लंगडत." मग त्याला राहवेना. "तुझा दिवा राहिला होता. मी बंद नाही केला. म्हटलं, जसं सापडलं तसं ठेवावं."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मायते म्हणाली, "डेल्मर, तुझ्या त्या कवितेत एक चूक आहे."

"कुठली?"

"मी पहाटे पीठबीठ काही मळत नाही. सातच्या आत मी जन्मात चुलीशी गेलेली नाही. मेंढ्यांना कसली आलीय घाई? मार्तिन थट्टा करायचा माझी."

डेल्मर फोन धरून उभाच राहिला. इतकी वर्षं मळलेलं सगळं पीठ एकदम वाया गेलं होतं. "मग दिवा कोण लावायचं?"

"मीच. तुझ्या ट्रॅक्टरचा उजेड माझ्या निजायच्या खोलीच्या भिंतीवर यायचा. मी उठायचे, बटण दाबायचे आणि परत जाऊन झोपायचे."

"कशाला पण?"

"एवढ्या थंडीत एकटाच असायचास," मायते म्हणाली. आणि मग घाईघाईनं, "कोकरं व्हायला लागली की येते मी. इथं घर फार गरम असतं. आता तो दिवा बंद करून टाक. उगाच जळतोय. आल्यावर लावीन मी."

त्या संध्याकाळी डेल्मरनं जाऊन दिवा बंद केला. दुसऱ्या दिवशी पहाटे दरीपल्याड गच्च काळोख होता. त्यानं ट्रॅक्टर अर्धा वळवला आणि त्याच्या दिव्यांचा झोत कुंपणावरून, बर्फावरून, थेट त्या खिडकीवर धरला. काचेवर उजेड पडला. आत काही हललं नाही. पाठीमागे गाई गवतासाठी हंबरू लागल्या.

"हळू गं," डेल्मर त्यांना म्हणाला. "झोपलीय ती."